आण्णांचं सोवळं

आमचे घरमालक तीस-बत्तीस वर्षं देशाच्या अणुखात्यात कामाला होते, ही गोष्ट त्यांच्या डोक्यावरच्या दोन खोल्यांत आठ वर्षं राहूनही आम्हाला माहीत नव्हती. आम्हालाच काय, त्यांच्या बायकोलाही नव्हती. गल्लीला मात्र सगळं माहीत होतं. शाहूपुरीच्या मागच्या अंगाच्या त्या गल्लीच्या मते ते मुंबईला म्युनिसिपालटीत झाडूवाले होते.

गल्लीनं हे काढलं कुठून, तर कुठूनच नाही. आडनाव बघितलं, दारावरचा निळा झेंडा बघितला आणि उरलेलं स्वतःच भरून घेतलं. कुणी तोंडावर विचारलंच, "कुठं हुता मुंबईत?" तर ते म्हणायचे, "सरकारी खात्यात." "काम काय?" "हातानं करायचं." एवढ्यावर बोलणं संपायचं. विचारणारा मान हलवून जायचा, कारण त्याला जे हवं होतं ते त्याला मिळालेलं असायचं.

आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो आणि त्यांच्या मंडळींना अक्का. दोघं मूळचे कुरुंदवाडकडचे. आता दोघंही नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. आण्णा असते तर त्यांनी कागद हातातून काढून घेतला नसता, पण माझ्याकडे असं बघितलं असतं की मीच तो फाडला असता.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची आणि आमचे हे एका सरकारी कचेरीत होते. गारगोटीहून बदली होऊन आम्ही कोल्हापुरात आलो. टेंपोतून सामान उतरवलं आणि दारातच अडलो. उंबऱ्याच्या आत, दाराची सगळी रुंदी अडवून, गुडघ्याएवढ्या उंचीचं एक लाकडी बाकडं आडवं ठेवलेलं होतं.

"बसा त्येच्यावर," आतून आवाज आला.

आमच्या ह्यांना वाटलं पाहुणचार चाललाय. "नको, उभेच बरे आहोत," ते म्हणाले.

"बसा म्हणतोय की, पावणं."

बसलो. मग हुकूम सुटत गेले. चपला अलीकडं काढा. पाय जमिनीला न टेकवता उचला. बाकड्यावरनं पलीकडं घ्या. पलीकडं घरातल्या चपलांचे जोड ओळीनं मांडलेले होते, त्यातला एक पायात घाला. "भायेरची चप्पल आत न्हाय, आतली भायेर न्हाय. जिना आतनं हाय, म्हंजे रोज करावं लागंल. जमत असंल तर सांगा." पांढरा सदरा, पांढरी विजार, तासलेल्या लाकडासारखा कोरडा चेहरा. आम्हाला घराची गरज होती, जमेल म्हणालो. आमचं लोखंडी कपाट चार हमालांनी त्या बाकड्यावरून उचलून आत नेलं. त्या वेळी हमालांनी ज्या शिव्या दिल्या, त्या आण्णांनी शांतपणे ऐकून घेतल्या आणि शेवटी चौघांना चहा पाजला. चहाही बाकड्याच्या पलीकडे.

बाकड्यानंतर हात. बाहेरून आले की ते परसातल्या नळावर उभे राहायचे. कोपरापर्यंत साबण, मग बोटांच्या बेचक्या, मग एकेक नख. हे तीनदा. आणि तिसऱ्यांदा धुऊन झालं की दोन्ही हात समोर उजेडात धरायचे, आधी तळवे, मग उलटे, आणि काही क्षण तसेच उभे राहायचे, कुणी आत घेईल याची वाट बघितल्यासारखे. मग खाली सोडायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, सूर्याला काही करत असतील. पण बौद्ध माणूस, सूर्याला कशाला करेल?

घरात केरसुणी नव्हती. हे मला अक्कांनी आल्यापासून आठवड्यात सांगितलं. "लगीन झाल्यावर दोन-चार वर्सं काय ती हातात धरली आसंल. मग ह्येनी मुंबईत कामाला लागलं, आन घरातनं केरसुणी गेली. का तर धूळ उडती." फरशी ओल्या फडक्यानं टिपायची, ते फडकं घडी घालून दुसऱ्या बाजूनं टिपायचं, आणि हलकेच बादलीत सोडायचं. आपटायचं नाही, झटकायचं नाही. गल्लीच्या मते जन्मभर झाडू मारलेल्या माणसाच्या घरात झाडू नव्हता. हे गल्लीच्या कधी लक्षात आलं नाही, कारण गल्ली त्यांच्या घरात कधी आलीच नाही.

आणखी एक खोड होती. काहीही बारीक काम करायचं तर आण्णा ते अंगाजवळ घेत नसत. खांद्यापासून हात सरळ लांब करत आणि तिकडे, दीड हातावर, बोटांनी काम चालायचं. डाळिंब सोलायचं तरी तसंच. सोलून झालं की ताटलीत एक दाणा फुटलेला नसे. सुईत दोरा ओवायचा झाला तर अक्का त्यांच्याकडेच द्यायच्या. एकदा ते गटाराच्या कामासाठी जाड रबरी हातमोजे घालून बसले होते आणि अक्कांनी सवयीनं सुई पुढं केली. त्यांनी मोजे न काढता दोरा ओवला. एका फटक्यात. मी जिन्यावर उभी होते. मला म्हणाले, "बगायचं, मोजायचं, मग शिवायचं. घाई केली की हात इसरतो." पुढं मी वर्गात शुद्धलेखन शिकवताना हे वाक्य कितीदा वापरलं, त्याला गणती नाही.

अक्कांचं दुःख वेगळं होतं. त्यांना सोवळ्याचा, बाकड्याचा त्रास नव्हता. त्यांना गल्लीचं बोलणं लागायचं. नळावर बायका सहज म्हणून जायच्या, "तुमचं काय बाई, सरकारी झाडू, पेन्शन हाय." एकदा त्यांनी माझ्यासमोर आण्णांना विचारलं, "तुमी एक शबुद का बोलत न्हाई? न्हाई म्हणून तरी सांगा की."

आण्णा म्हणाले, "झाडूवाला म्हटलं तर कमीपणा कसला? रस्ता झाडणारा काय चोरी करतो?"

"तसं न्हवं. पर तुमी त्ये न्हवता ना?"

"न्हवतो."

"मग काय हुता?"

आण्णा उठून नळाकडं गेले. अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बगा बाई. रोज सकाळी डबा भरून दिला. त्यो डबा कुठं उघडला, कुणाच्या शेजारी बसून खाल्ला, मला ठावं न्हाय. हे आसं." त्या रागावल्या नव्हत्या. नुसत्या दमल्या होत्या.

माझी आई गारगोटीहून पहिल्यांदा राहायला आली तो प्रसंग मला नीट सांगायला हवा, कारण त्यात आमची बाजू काही फार चांगली नाही. आईचं सोवळंओवळं कडक. मुलीनं बौद्धाच्या घरात जागा घेतली हे तिनं बोलून दाखवलं नाही, पण येताना पिण्याच्या पाण्याची कळशी घरून भरून आणली. एसटीच्या प्रवासात अर्धी सांडली. बाकड्यावरून तिला उचलून पलीकडं घेताना मला घाम फुटला. दोन दिवस ती वरून, जिन्याच्या कठड्याला धरून, आण्णांचं सगळं बघत होती. नळ, नखं, फडकी, उजेडात धरलेले हात. तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाली, "तुमचं सोवळं तर आमच्यापेक्षा कडक आहे हो."

टोमणा होता की कौतुक, मला आजही सांगता येणार नाही. आण्णांनी हात पुसले. म्हणाले, "वैनी, फरक हाय. तुमचं सोवळं म्हंजे दुसऱ्याचा इटाळ आपल्याला लागू नये. आमचं म्हंजे आपला इटाळ दुसऱ्याला लागू नये."

आवाज चढलेला नव्हता. पावसापाण्याचं बोलावं तसं बोलले आणि आत गेले. रात्री जेवताना आईनं एकच विचारलं, "कसला विटाळ म्हणाले गं ते?" मला तरी कुठं माहीत होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली गेली, बाकड्याजवळ बसून अक्कांना म्हणाली, "पाणी द्या हो प्यायला." अक्कांनी तांब्या दिला. आई वरून ओतून न घेता तांब्याला तोंड लावून पाणी प्यायली. कळशी जाताना रिकामीच परत नेली.

खूप नंतर, सगळं उघड झाल्यावर, एका संध्याकाळी आण्णांनी मला त्या हात धरण्यामागचं कारण सांगितलं. तेवढंच सांगितलं, कामाचं नाही. "तिकडं भायेर पडायच्या दारात एक यंत्र हुतं. दोन्ही हात त्येच्यात घालायचं. हातावर नको ते काय चिकटलं असंल तर घंटा वाजायची, मग परत धुवायचं. साहेब असू दे न्हाय तर हेल्पर, हात घातल्याबिगार कुणी भायेर जायचं न्हाय. आन त्ये यंत्र आडनाव इचारत न्हवतं, बाई. माझ्या बाला हाटेलात येगळा कप हुता. भायेर कोनाड्यात. त्यानंच धुवायचा, त्यानंच ठेवायचा. आन हितं माझ्या फुडं थोरलं साहेब हात धुत्यात, घंटा वाजती, परत धुत्यात. मी मागं उभा. माझी न्हाय वाजली." एवढं बोलून ते हसले. आण्णांना हसताना मी मोजून तीन-चारदा बघितलं असेल, त्यातली ही एक वेळ.

अठ्ठ्याण्णव सालच्या बुद्धपौर्णिमेला राजस्थानच्या वाळवंटात अणुचाचण्या झाल्या. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी अक्कांबरोबर खिरीचं पातेलं धरून विहारात गेले होते. आण्णा आधीच जाऊन पुढं बसले होते. दिवेलागणीच्या सुमाराला कुणीतरी टीव्हीवरची बातमी घेऊन आलं आणि बाहेर रस्त्यावर फटाके सुरू झाले. विहारातही पेढ्यांची पुडकी फिरायला लागली. तेव्हा आमच्या विहारात नेहमी बोलणारे एक तरुण प्राध्यापक उठले. फार तळमळीचा माणूस.

"आजचा दिवस कुणाचा आहे?" ते म्हणाले. "मुंगीसुद्धा मारू नका म्हणणाऱ्याचा. आणि नेमकी आजच ही चाचणी करायची? आणि आपण इथं पेढे वाटायचे?"

"का वाटू नयेत?" मागून एक जण म्हणाला. "आता देश कुणाफुडं वाकायचा न्हाय. वाटायचं की."

बघता बघता दोन तट पडले. आवाज वाढले. प्राध्यापक म्हणाले, "असलं शस्त्र करणाऱ्या हातांना मी नमस्कार करणार नाही. ते पापी हात आहेत."

तेव्हा आण्णा उभे राहिले. सभेत ते कधी बोलत नसत, त्यामुळे लोक आपोआप गप्प झाले. "सर, तुमचं बरोबर हाय," ते म्हणाले. "ती चीज चांगली न्हवं. पर करणारी माणसं पापी हायत, तेवढं म्हणू नका."

"तुम्हाला काय माहीत, काका? तुम्ही कुठं बघितलीत ती माणसं?"

मागून कुणीतरी बोललं, "आण्णा मुंबईला झाडत हुतं न्हवं का. बघितली असतील झाडताना." दोघं-तिघं हसले.

अक्कांनी माझा हात घट्ट धरला. आण्णांनी त्या बोलणाऱ्याकडे मान वळवून बघितलं आणि म्हणाले, "व्हय. झाडणाऱ्याला लई दिसतं." आणि खाली बसले.

त्या वेळी मला वाटलं, म्हातारा अपमान गिळून बसला. आज वाटतं, त्या एका वाक्यामागं त्यांनी आख्खं खातं लपवून ठेवलं.

घरी आल्यावर ते जेवायला बसले. मी खिरीचं पातेलं ठेवायला आत गेले होते. गोड ते चमचाभर खायचे, पथ्य म्हणून. त्या दिवशी वाटी पुढं करून म्हणाले, "खीर आणखी वाड." अक्कांनी वाढली. ती संपवून पुन्हा वाटी पुढं केली. अक्का वाढता वाढता म्हणाल्या, "सर म्हणत्यात त्ये मला बी पटलं. आज भगवंताचा दिस. आज आसं करावं का?"

आण्णा चमचा खाली ठेवून म्हणाले, "ज्याचं हात रिकामं, त्यो म्हणाला मी मारत न्हाय, तर त्येचं कोण ऐकतंय? हातात असून जो खाली ठेवतो, त्येचं ऐकत्यात. बुद्ध राजाचा ल्योक हुता. तलवार हुती, मग ठेवली त्येनं." थोडं थांबून, "आता ही बी ठेवूनच द्यायची. कवाच वापरायची न्हाय. करण्यापरास त्ये अवघड हाय."

हे बोलताना त्यांचा चेहरा मी कधीच न पाहिलेला होता. माझ्या वडिलांचा असा चेहरा मी एकदाच बघितला होता, माझा भाऊ बोर्डात आला तेव्हा. आनंद झालाय, पण मुलासमोर दाखवायचा नाही, म्हणून आवळून धरलेला.

पाच वर्षांनी भंगारवाल्याचं प्रकरण झालं.

गल्लीच्या टोकाला भंगाराचं मोठं दुकान होतं. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचं गोदाम रिकामं केलेलं, त्याचा माल टेंपोतून आला होता. मी आणि आण्णा एकाच वेळी बाजारातून परतत होतो. दुकानासमोर फळीवर एक कामगार छिन्नी-हातोडा घेऊन बसलेला. त्याच्या पायांत प्रेशर कुकरएवढा एक पिवळा डबा होता, कडी असलेला. डबा आकाराच्या मानानं भलताच जड होता, म्हणजे आत शिसं, आणि शिशाला भाव. तो फोडायच्या बेतात होता. डब्यावर पंख्याच्या तीन पात्यांसारखी काळी खूण होती.

आण्णा थांबले. हातातली पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली आणि अजिबात न ओरडता म्हणाले, "हातोडा खाली ठेव. हाय तसा ऊठ. आन माझ्याकडं चालत ये."

का कुणास ठाऊक, तो कामगार उठून आला. दुकानदार मात्र बाहेर येऊन खेकसला, "ओ, तुमचं काय काम हितं?"

"त्या डब्याला कुणी शिवायचं न्हाय. दुकान सोडून भायेर या. समदी."

मग आण्णांनी पावलं मोजली. पलीकडच्या शाळेच्या मैदानावर आखणीसाठी फक्की ठेवलेली असे, त्यातली बादलीभर मागवली आणि रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरी रेघ मारली. दुसरी पलीकडच्या अंगाला. शेजारची चार घरं रिकामी करवली. मला जवळ बोलावून मुंबईचा एक नंबर सांगितला, तोंडपाठ. "कुणी उचललं की एवढंच सांगायचं. कोल्हापूर, शाहूपुरी, भंगाराचं दुकान. पिवळा डबा, तीन पात्यांची खूण, फुटलेला न्हाय. माझं नाव सांगायचं न्हाय."

मी एसटीडी बूथवरून फोन लावला. पलीकडच्या माणसानं सगळं दोनदा विचारून घेतलं. "लोकांना लांब ठेवलंय का?"

"रेघ मारलीय," मी म्हणाले.

"कुणी मारली?"

मी नाव सांगितलं नाही. "आम्ही निघतोय," तो म्हणाला.

मुंबईहून यायचं म्हणजे संध्याकाळ होणार. सकाळचे दहा-साडेदहा वाजले होते. तेवढा वेळ आण्णा त्या रेघेवर उभे राहिले. गर्दी वाढत गेली. दुकानदार सगळ्यांना सांगत होता, "म्युन्सिपालटीत झाडू मारून आलेला माणूस माझा धंदा बंद पाडतोय." तासाभरानं पोलिसांची गाडी आली. उतरलेले फौजदार तरुण होते, उन्हानं वैतागलेले. सरळ चालत आले.

"साहेब, रेघेच्या अलीकडं," आण्णा म्हणाले.

"तू कोण?"

इथं खरं तर एक वाक्य पुरलं असतं. मी अमक्या खात्यात होतो, एवढं. आण्णांनी ते सांगितलं नाही. म्हणाले, "मी कोण त्येला म्हत्त्व न्हाय साहेब. रेघेला हाय."

फौजदारांनी पाऊल उचललं. मी आयुष्यात कधी पोलिसाशी बोलले नव्हते. कसं कोण जाणे, मी आण्णांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "साहेब, मी शिक्षिका आहे. मुंबईला फोन मीच केलाय. ते लोक निघालेत. त्यांनी येऊन सांगितलं की हे खोटं आहे, तर आम्हा दोघांना गाडीत घाला. तोपर्यंत थांबा." आमच्यात दोन पावलांचं अंतर होतं. त्यांनी डब्याकडे बघितलं, आण्णांकडे बघितलं, आणि पाऊल मागं घेतलं. मग स्वतःच हवालदारांना रेघेवर उभं केलं.

दुपारी अक्का डबा घेऊन आल्या. आण्णा म्हणाले, "हितं खायाचं न्हाय. हात लागला न्हाय तरी न्हाय. माघारी ने."

अक्का डबा तसाच धरून उभ्या राहिल्या. माघारी गेल्या नाहीत. "मग मी बी हितं थांबतो," त्या म्हणाल्या. आणि थांबल्या, संध्याकाळपर्यंत, रेघेपासून हातभर मागे, ऊन डोक्यावर घेऊन, नवऱ्याकडे बघत. तिसेक वर्षं ज्या माणसाला फक्त घरातून निघताना आणि घरी येताना बघितलं, तो कामावर कसा दिसतो ते त्या दिवशी त्यांना बघायला मिळालं.

सहाच्या सुमाराला पांढरी जीप आली. त्यातून दोन तरुण आणि पंचेचाळिशीच्या एक बाई उतरल्या. बाईंच्या हातात किरणोत्सर्ग मोजायचा मीटर होता. त्या रेघेपर्यंत आल्या, मीटर बघितला. रेघेच्या कडेनं चालत गेल्या, पुन्हा बघितला. मग गर्दीकडे न बघता विचारलं, "ही रेघ कुणी मारली?"

लोकांनी आण्णांकडे बोट केलं. बाईंनी मान वर केली. त्यांना ओळखायला एक क्षण लागला असेल. जमिनीवर बसून त्यांनी रेघेवरच बूट बदलले, उठल्या आणि म्हणाल्या, "सर, आत जाऊ?"

"जावा," आण्णा म्हणाले. "डाव्या अंगानं. उजवीकडं हातोडा पडलाय."

त्या तिघांनी तासाभरात डबा एका मोठ्या पेटीत बंद केला. कारखान्यात लोखंडाच्या ओतकामाच्या आतल्या भेगा बघायला असले डबे वापरतात, त्यातला होता. कुणीतरी निष्काळजीपणे गोदामात टाकून दिलेला. आतली कुपी शाबूत होती. दोन घाव पडले असते तर काय झालं असतं, ते बाईंनी फौजदारांना बाजूला घेऊन सांगितलं. आमच्यापर्यंत शब्द आले नाहीत, पण फौजदारांनी टोपी काढून घाम पुसला ते मी बघितलं. मग ते आण्णांसमोर आले आणि सॅल्यूट ठोकला. दुकानदार आपल्या कामगाराला पोटाशी धरून ओट्यावर बसून होता. त्या कामगाराला तपासलं, त्याला काही झालं नव्हतं.

बाई आमच्या घरी चहाला आल्या. दारात बाकडं बघून त्या बसल्या, बूट काढले, पाय उचलून पलीकडे घेतले, ओळीतला एक जोड घातला. कुणी सांगितलं नाही. परसात जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, तीनदा, आणि उजेडात धरले. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या. जन्मभर जे नवऱ्याचं वेड म्हणून सांभाळलं, ते वेड असलेलं दुसरं माणूस घरात आलं होतं.

चहा घेताना अक्कांनी बाईंना सरळ विचारलं, "बाई, ह्येनी तिकडं काय करत हुते?"

बाईंनी आण्णांकडे बघितलं. आण्णा बशीकडे बघत राहिले.

"अक्का, ते मलाही सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "पण मी बावीस वर्षांची होते, नवीन. माझे हात थरथरायचे. हे शेजारी उभे राहून म्हणायचे, घाई नको. यांच्या हाताखाली आम्ही शिकलो, आणि यांच्या पाळीत एकाही माणसाला कधी काही झालं नाही. देशानं जे केलं ना, ते अशा हातांनी केलं. एवढं मी सांगू शकते."

"बास झालं की," अक्का म्हणाल्या. "एवढं बास झालं."

दोन दिवसांत गल्ली फिरली. जी गल्ली काल झाडूवाला म्हणत होती, ती आता शास्त्रज्ञ म्हणायला लागली. नळावरच्या बायका अक्कांना आधी भरा म्हणू लागल्या. तिसऱ्या दिवशी एका पेपरचा वार्ताहर आला. आण्णा दारात गेले. "शास्त्रज्ञ न्हाय मी," ते म्हणाले. "शास्त्रज्ञांनी कागदावर काढायचं, आमी हातानं करायचं. कामगार हाय. पेपरात घालण्याजोगं काय न्हाय." आणि आत निघून गेले.

वार्ताहर चिवट होता. पायरीवर अक्का मेथी निवडत बसल्या होत्या, तो त्यांच्याकडे वळला. "आजी, तुम्ही त्यांच्या घरच्या. तुम्हाला तरी माहीत असेल, ते तिथं नेमकं काय करत होते."

मी जिन्यात उभी होते. अक्का आता, मला काय ठावं, म्हणतील असं मला वाटलं. तेच त्या आजवर सगळ्यांना सांगत आल्या होत्या, आणि ते खरंही होतं. अक्कांनी मेथीची जुडी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "म्हाईत हाय की. सगळं म्हाईत हाय मला."

त्यानं घाईनं पेन उघडलं.

"पर आमच्यात सांगत न्हाईत," अक्का म्हणाल्या, आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या.